लवकर पाय पडला

१४ मार्च, मंगळवार. ऊन कडक. पाणी उशिरा आलं. इस्त्रीवाला आजही फिरकला नाही. खालच्या मिस्त्रीने बायकोला दवाखान्यातून आणून पलंगावर निजवलं आणि खोलीच्या दारात दोन विटा ठेवून मध्ये दोरी ताणली. पंपाचा आवाज वाढलाय, प्लंबरला निरोप दिला.

वहीत एवढंच आहे. दोरीबद्दल त्या दिवशी जास्त लिहिलं नाही, कारण मिस्त्रीच्या धंद्यात ती रोजची गोष्ट आहे. नवी फरशी बसवली की तो दारात दोन विटा ठेवतो, दोरी ताणतो आणि घरमालकाला सांगतो, चोवीस तास कुणी पाय ठेवायचा नाही. फक्त या खेपेला दोरीच्या पलीकडे फरशी नव्हती, बायको होती. म्हणून आता सविस्तर लिहिते.

माझ्या घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. तिथे तो आणि त्याची बायको बरीच वर्षं भाड्याने राहतात. फरशी बसवणं हा त्याचा धंदा. वय चाळिशीचं, गुडघे साठीचे. अंगाने किरकोळ, बोलायला हळू, आणि नजर कायम जमिनीवर. नवखा माणूस त्याला लाजाळू समजतो. तो लाजत नसतो, उतार बघत असतो. खिशात एक काचेची गोटी ठेवतो. कुठेही गेला की हळूच ती जमिनीवर सोडायची आणि कुठे जाते ते पाहायचं, ही त्याची सवय. समोरच्या घरातले म्हातारे गेले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. गोटी म्हाताऱ्यांच्या बाजेखाली गेली आणि मिस्त्री गुडघ्यांवर बसून ती काढत असताना त्यांच्या सुनेला वाटलं, याला दुःख अनावर झालं. तिने त्याला पाणी आणून दिलं. ते तो प्यायला.

कामात तो चोख आहे. पण जगातल्या सगळ्या फरशीवाल्यांकडे असतं ते एक वाक्य त्याच्याकडेही आहे. बसवलेली फरशी सुटली, हलली, पोकळ वाजू लागली, की तो उकिडवा बसतो, बोटाच्या पेराने टकटक करतो आणि मान वर करून म्हणतो, "लवकर पाय पडला." म्हणजे दोष फरशीचा नाही, खालच्या सिमेंटच्या मसाल्याचा नाही, मिस्त्रीचा तर नाहीच. कुणीतरी वेळेआधी तिच्यावर चाललं. घरात माणसं असतात, माणसांना पाय असतात, त्यामुळे हे वाक्य कधी खोटं पाडता येत नाही.

माझ्या न्हाणीघरात त्याने फरशी बसवली, त्यातली नळाखालची एक महिन्याभरातच पोकळ वाजू लागली. तो आला, टकटक केली, म्हणाला, "मावशी, लवकर पाय पडला." मी म्हटलं, मी एकटी राहते आणि ते चोवीस तास मी बहिणीकडे होते. त्याने थोडा विचार केला. मग मांजराचं विचारलं. मी मांजर पाळत नाही, असं सांगितल्यावर त्याने खिडकीकडे पाहिलं. खिडकी उघडी होती. त्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात आहे. दिवसभर ती लोकांच्या नाकावर चष्मे बसवते आणि ते वाकडे का दिसतात ते सांगते. बहुतेकदा चष्मा सरळ असतो, नाक वाकडं असतं, पण तसं म्हणायची सोय नसते. त्यामुळे तिला बोलणं गिळायची सवय लागलेली आहे. ती घरी आली की माझ्याकडे वर येऊन थोडं ओकते, असं तीच म्हणायची.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. बाकी उपाय झाले आणि शेवटी दोघं मोठ्या दवाखान्यात गेले. तिथे तिची बीजं काढून बाहेर गर्भ तयार केले. तीन चांगले निघाले. ते गोठवून ठेवले आणि एकेक करून आत ठेवायचे ठरले. गर्भ तयार होणं हे अर्धंच काम असतं, आत सोडल्यावर तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजावा लागतो. ते आपल्या हातात नसतं. पहिला ठेवला, रुजला नाही. काही महिन्यांनी दुसरा ठेवला, तोही नाही.

दोन्ही वेळेला कारण सापडलं. सापडलं म्हणजे काढलं गेलं. मिस्त्रीची थोरली बहीण दुसऱ्या गावी असते, तिच्याशी त्याचं रोज फोनवर बोलणं होतं. पहिल्या वेळी तिनेच विचारलं, वहिनी जिना चढली होती का? चढली होती. माझी इस्त्री परत द्यायला वर आली होती. मिस्त्रीने फोनवर सांगितलं, "लवकर पाय पडला, ताई." मी गॅलरीत होते, ऐकलं. दुसऱ्या वेळी बहीण स्वतः देखरेखीला येऊन राहिली. तिच्यादेखत वहिनी शिंकली, लागोपाठ दोनदा. दुसराही रुजला नाही म्हटल्यावर बहीण त्या दोन शिंका घेऊनच गावी परतली आणि तिकडे सगळ्या नातेवाइकांना वाटल्या. मिस्त्री बायकोला वाईट काही बोलला नाही. तो तसा नाही. फक्त हवा बदलली की तो खिडकी लावून घ्यायचा आणि म्हणायचा, "त्या वेळी लावायला हवी होती."

तिसऱ्याची वेळ आली तेव्हा त्याची बायको माझ्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून मला म्हणाली, "मावशी, नाही राहिला तर नाही राहिला. ते मला झेपेल. पण या वेळी यांनी कारण काढलं, तर मी भावाकडे निघून जाणार. भांडून नाही. आपली सरळ जाणार."

मी विचारलं, हे त्याला माहीत आहे का.

"नाही. सांगितलं तर तोंडाने काढायचे नाहीत, मनात काढतील. मग मला कळणार कसं?"

मी तिला चहा विचारला.

तिसरा ठेवण्याआधी डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावलं. बहिणीला येणं जमणार नव्हतं, म्हणून मिस्त्रीने मला नेलं. घरातलं कुणीतरी मोठं असावं, असं त्याला वाटत होतं. बाहेर थांबलो असताना गोटी त्याच्या पायाशी सुटली आणि नोंदणीच्या टेबलाखालून पार औषधांच्या खिडकीपर्यंत गेली. परत येऊन तो म्हणाला, उतार चुकलाय, पण इलाज बरा असू शकतो.

डॉक्टरीणबाई गाडीचं वेळापत्रक वाचावं तशा बोलतात. त्यांचं म्हणणं असं, की दोनदा चांगला गर्भ ठेवूनही रुजला नाही, तर तिसरा तसाच ठेवण्याआधी जागा नीट पाहून घ्यावी. बारीक दुर्बीण घालून त्यांनी ती पाहिली. आत अस्तरावर मसुराच्या डाळीएवढा मांसाचा कोंब होता. पॉलिप म्हणतात त्याला. तो त्याच वेळी काढला आणि अस्तराचा एक कण तपासणीला पाठवला. त्यात जुनी सूज निघाली, ती ना दुखत होती ना कळत होती. त्यावर गोळ्या दिल्या.

कोंबाचा फोटो त्यांनी पडद्यावर दाखवला. मिस्त्री खुर्चीतून उठला आणि पडद्याला नाक लागेल इतका जवळ गेला.

"खडा," तो म्हणाला.

"पॉलिप," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"खालचा खडा. वर कितीही चांगली फरशी ठेवा, खाली खडा असला की बसत नाही. बसली तरी डुगडुगते."

"साधारण तसं समजा."

त्याची बायको पडद्याकडे पाहतच नव्हती, त्याच्याकडे पाहत होती. तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, मग जिना चढल्याने काय होतं? डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठला जिना? तेव्हा तिने जिना सांगितला, शिंका सांगितल्या, नणंदेचं नाव मात्र घेतलं नाही.

"काही होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गर्भाशय म्हणजे थाळी नव्हे, त्यातून तो घरंगळायला. आतल्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. आणि हेही सांगून ठेवते, या कोंबामुळेच आधीचे दोन गेले असं मी छातीठोक म्हणत नाही. काढल्याने शक्यता वाढते, एवढंच म्हणते."

"पण शिंक आली तर?" मिस्त्रीने विचारलं.

"तर खुशाल शिंका."

आम्ही बसथांब्यावर येऊन उभे राहिलो. मिस्त्री माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, तुमची ती नळाखालची फरशी. तिथे मसाला कमी पडला होता. पोतं संपलं होतं, मी ओढून ताणून भरलं." मी म्हटलं, असू दे. तो म्हणाला, रविवारी येऊन काढून देतो.

त्याच्या बायकोने हे ऐकलं. तिने विचारलं, "आणि माझी शिंक?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "खडा होता, ते खरं," तो म्हणाला. "पण शिंकसुद्धा होती."

तेवढ्यात बस आली.

पुढचा टप्पा मिस्त्रीला आवडला. गोळ्या देऊन अस्तर वाढवायचं आणि सोनोग्राफीवर त्याची जाडी मोजायची. मिलिमीटरमध्ये मोजतात हे कळल्यावर त्याचा दवाखान्यावरचा विश्वास बराच वाढला. सगळीकडे सारखी जाडी आहे ना, असं त्याने विचारलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्ही काय करता? फरशी, तो म्हणाला. मग त्यांनी त्याला बसवून समजावलं, की नुसती जाडी पुरत नाही, वेळही साधावी लागते. दुसरं औषध सुरू केल्यापासून मोजून ठरावीक दिवशीच गर्भ ठेवायचा, कारण अस्तर थोडेच दिवस त्याला घ्यायला तयार असतं. आधी नाही, नंतर नाही. मिस्त्री मान हलवत राहिला. मसाला ओला आहे तोवरच, तो म्हणाला. इथवर त्याचं सगळं बरोबर होतं. घोळ पुढे झाला. कारण त्याच्या हिशेबात फरशी वेळेवर ठेवली, की त्यानंतर एकच नियम असतो.

१४ मार्चला गर्भ ठेवला. मीही बरोबर होते. थोड्याच वेळात डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, झालं, घरी जा, नेहमीसारखं राहा, चाला, उद्या कामाला जा, फक्त जड काही उचलू नका. मिस्त्रीने विचारलं, पडून किती वेळ राहायचं? मुळीच नाही, त्या म्हणाल्या. पडून राहिल्याने जास्त रुजतो का ते लोकांनी तपासून पाहिलंय. रुजत नाही. काही ठिकाणी तर पडून राहिलेल्यांचंच कमी रुजलं.

मिस्त्री "बरं" म्हणाला. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाला, "तसं म्हणावंच लागतं त्यांना. खाट मोकळी करायची असते."

टॅक्सी त्याने माणसाच्या चालीने आणवली. गतिरोधक आला की तो चालकाच्या खांद्यावर हात ठेवायचा. तिसऱ्या गतिरोधकाला चालकाने विचारलं, साहेब, गाडीत काच ठेवलीय का काही? त्याची बायको म्हणाली, हो, माझ्यात.

घरी पलंग तयार होता. सकाळीच त्याने त्यावर उतार मोजायची लेव्हलपट्टी ठेवून बुडबुडा मधोमध येईपर्यंत पायांखाली फरशीचे तुकडे सरकवले होते. बायकोला त्यावर निजवलं, उशी काढून घेतली आणि दारात विटा ठेवून दोरी बांधली. मला म्हणाला, "उद्या या वेळेपर्यंत. पाणी द्यायचं तर दोरीवरून वाकून द्या." एका घराची फरशी अर्धी राहिली होती, तो कामावर गेला. मी एकदा वाकून पाणी दिलं. दुसऱ्यांदा कंबर धरली.

दिवेलागणीच्या आधी त्याची बायको माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. समोर शेंगा होत्या, त्या ती निवडायला लागली. थोड्या वेळाने खालून मिस्त्रीची हाक आली. मग आणखी एक, जरा वरच्या पट्टीत. मग जिन्यावर पावलं वाजली आणि तो दारात उभा राहिला. पँट गुडघ्यांपाशी पांढरी होती.

"जिना सावकाश चढलीस ना?" त्याने विचारलं.

"धावत."

तो स्टुलावर बसला. ती शेंग सोलत म्हणाली, "मी दोरी ओलांडली. डावा पाय आधी टाकला, मग उजवा. मग जिना चढले. मघाशी मिरचीची पूड उडाली तेव्हा शिंकलेसुद्धा. सगळं आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे नंतर तुम्हाला शोधत बसायला नको."

"मी शोधत बसतो?"

तिने पुढची शेंग उचलली. त्याने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, मी तसं करतो?"

मी म्हटलं, तू मला मांजराचं विचारलं होतंस.

तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला. माझ्या स्वयंपाकघराला उतार नाही, त्यामुळे तो दुसरंच काही पाहत असणार. मग उठून खाली गेला. विटा उचलल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या बसने दुकानात गेली. मिस्त्री तिला थांब्यापर्यंत पोचवायला गेला, पण वाटेत काही बोलला नाही, असं तिने सांगितलं. पुढचे दिवस तो जपून बोलत होता. एकदा जेवताना त्याने "तू काल" एवढं सुरू केलं, आणि तिथेच थांबून मीठ मागितलं. मीठ त्याच्यासमोर होतं. तिला वाटलं, हा आता शिकला. मग वाटलं, हा मनात साठवतोय. ती मला दोन्ही सांगायची, एकाच दमात, आणि मग म्हणायची, शनिवारी कळेल.

गर्भ ठेवल्याच्या अकराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, तिचं रक्त तपासलं. दुपारी दवाखान्याचा फोन यायचा होता. खालच्या खोल्यांत फोन नीट लागत नाही, म्हणून ती माझ्या गॅलरीत येऊन उभी राहिली. मिस्त्री कामावरून तसाच आला होता, हाताला कोपरापर्यंत पांढरं सिमेंट. फोन आला. तिने ऐकलं, "बरं" म्हणाली, पुढे कधी येऊन भेटायचं ते विचारलं आणि फोन ठेवला.

"नाही," ती म्हणाली.

मिस्त्रीने मान हलवली. तो तिच्याकडे एक पाऊल गेला, पण हात सिमेंटचे होते, ते कुठे ठेवावे हे त्याला कळेना. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. बायकोनेच तो बाहेर काढला, पाहिला, त्याचे हात भरलेले म्हणून स्पीकर लावून कठड्यावर ठेवला. त्याची बहीण होती.

"काय झालं रे?"

"नाही राहिला, ताई."

"अरेरे. शेवटचा होता ना? काय केलं तिने? उठली असेल."

त्याची बायको रस्त्याकडे बघत होती. समोर बघण्यासारखं काही नव्हतं. ती कशाची वाट बघत होती ते मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं.

"उठली," मिस्त्री म्हणाला.

मी कठड्याला धरलं.

"त्याच दिवशी उठली," तो म्हणाला. "जिना चढली. दुसऱ्या दिवशी कामाला गेली. शिंकलीही."

"बघ, मी म्हणत होते ना, तिला..."

"डॉक्टरीणबाईंनी उठ सांगितलं म्हणून उठली. पडवून मी ठेवलं होतं, ते चुकीचं होतं. ताई, खाली सगळं साफ होतं, वेळ बरोबर होती, गर्भ चांगला होता, आणि तरी बसला नाही. होतं तसं कधीकधी. का ते मला माहीत नाही. तूही कारण काढू नकोस."

फोन कटला की काय, असं वाटून मिस्त्री वाकला. मग बहिणीने विचारलं, जेवलात का दोघं? नाही म्हटल्यावर, आधी जेवा, असं म्हणून तिने फोन ठेवला.

त्याची बायको अजून रस्त्याकडेच बघत होती. जरा वेळाने म्हणाली, "हात धुऊन घ्या. सुकलं तर निघायचं नाही." तो स्वयंपाकघरात धुवायला गेला. ती माझ्या न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून खूप वेळ रडली. नळाच्या आवाजाने ते झाकत नाही, पण तिला तसं वाटत असावं, म्हणून मी पलीकडच्या खोलीत जाऊन रेडिओ लावला. मिस्त्री दाराबाहेर उभा राहिला होता. त्याने दार वाजवलं नाही आणि तो तिथून हललाही नाही.

ती बाहेर आली तेव्हा त्याने विचारलं, पुन्हा पहिल्यापासून सगळं करायचं का? मग स्वतःच म्हणाला, ते तू सांगायचं, कधीही सांग, नाही म्हणालीस तरी चालेल. ती म्हणाली, आज काही विचारू नका. तो म्हणाला, बरं. दोघं खाली गेले. जिन्याच्या वळणावरून ती एकटीच परत वर आली, चष्मा राहिला होता तिचा. तो घेताना मला म्हणाली, "भावाला मी येणार म्हणून काही कळवलं नव्हतं, मावशी."

मी म्हटलं, बरं केलंस.

त्या संध्याकाळी वहीत लिहिलं: खालच्यांकडे कुकर नेहमीच्या वेळेला लागला. माझ्या स्वयंपाकघरातला बल्ब गेला, नवा आणायचा आहे.